चौकशी

शिवाजीनगर कोर्टाच्या कुंपणालगत
पिंपरणीखाली माझं रेमिंग्टन असायचं.
पानाला चार रुपये, कार्बनचे वेगळे.
खरेदीखतं, काडीमोड, हरवलेली रेशनकार्डं,
लोकांची दुःखं मी समास सोडून टाईप करायचे.

मेजर खळदकर सायकलवरून आले.
घोरपडीच्या फाटकात अडकलो, उशीर झाला,
म्हणून माफी मागितली.
टायपिस्टची कुणी माफी मागत नाही.
बूट असे, की त्यांत मला माझी छत्री दिसत होती.

"आधी मराठीत," म्हणाले. "इंग्रजी नंतर.
इंग्रजीत सगळं नीटनेटकं वाटतं."

पहिल्या पानावर नाव, हुद्दा, क्रमांक.
दुसऱ्यावर सीमेकडची एक शाळा,
सुट्टी लागली म्हणून तळाच्या ताब्यात आलेली.
गावाचं नाव मी तेव्हा टाईप केलं, आता सांगत नाही.
तिसऱ्या पानावर माझी बोटं थांबली.
ते थांबले नाहीत,
हजेरी घ्यावी तसे सांगत गेले:
फळ्यावर पाढा तसाच होता,
सात आठे छप्पन्नपर्यंत.
मुलगा एकोणीस वर्षांचा, बाकाला बांधलेला,
तोंडावर ओलं पोतं.
अकरा रात्री.
सायकलची ट्यूब कशासाठी, ते मी विचारलं नाही,
तरी त्यांनी सांगितलं.

"इथे चौकशी घालू ना?
तुम्ही आणलेल्या कागदात तोच शब्द आहे."
तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं.
"सासवडला आई आजारी होती, बाई,
तेव्हा लोक घरी यायचे, पायरीवर बसायचे,
बरं आहे का विचारायचे.
त्याला आम्ही चौकशी म्हणायचो.
इथे मारहाण लिहा."

शेवटी एक पान वाढवलं.
बादल्या सहा, पोती सतरा, ट्यूब एक.
स्टोअरमधून काढण्यासाठी सही: माझी.
मी म्हटलं, हे गाळलं तरी चालेल की,
चार रुपये वाचतील.
"तेवढं एक पान जाड कागदावर घ्या," म्हणाले.
पुसट कार्बनप्रत घडी घालून खिशात ठेवली,
चांगली दिल्लीला पाठवली.

मग येत राहिले. स्मरणपत्र.
स्मरणपत्राचं स्मरणपत्र.
चौकशी बसली, ती त्यांच्यावर.
रजिस्टरचं पान वाळवीनं खाल्लं, असं लेखी उत्तर आलं.
नेमकं तेवढंच पान.
वाळवीला वाचता येत असावं.

दिवस गेले तसे बूट मळत गेले, असं लिहिलं तर शोभेल,
पण ते खोटं.
बूट शेवटपर्यंत तसेच होते.
क्लबात पत्त्यांना कुणी भिडू होईना.
दसऱ्याला शेजारच्या कर्नलसाहेबांनी सोनं घेतलं नाही,
आपट्याचं पान धरलेला हात तसाच फाटकावर राहिला.
हे सुमतीबाईंनी सांगितलं. त्या एकदाच आल्या,
माझ्या बाकावर बसल्या, पर्स मांडीवर,
आणि विचारलं, "अजून किती पानं आहेत हो?"

मी मोजून ठेवली होती. सांगितली नाहीत.

परवा परवापर्यंत, म्हणजे कॉम्प्युटरवाले आले तरी,
ते माझ्याकडेच यायचे.
सायकल हातात, चढायची नाही, नुसती काठीसारखी.
एक पत्र घालायचं होतं. त्या मुलाला.
आता तो चाळिशीचा असेल, असलाच तर.
'तुझा उजवा हात कसा आहे?
लिहिता येतं का?'
एवढंच. खाली नाव, हुद्दा नाही.
तिकडच्या भाषेत कुणाकडून तरी करून घेणार होते.

खासगी पत्रालाही त्यांना विषयाची ओळ लागायची.
काय टाकू, विचारलं.
हँडल धरून बराच वेळ उभे राहिले.
मागे वकिलांची पोरं वडापावसाठी ओरडत होती.

"चौकशी," म्हणाले.

चाराचे तोवर दहा झाले होते.
त्यांनी सुटे मोजून दिले.
मी घेतले.